मधला माणूस

आप्पा,

तुमच्या मृत्यूचा दाखला अजून हातात आलेला नाही. तुम्ही असता तर एका फेरीत आणला असता, आणि कसा आणला म्हणून मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नसते.

दाखल्याच्या खिडकीवरचा माणूस तसा वाईट नाही. कधी साहेब रजेवर असतात, कधी नेट गेलेलं असतं, कधी दवाखान्याकडून यादीच आलेली नसते. दर वेळी तो अदबीनं सांगतो, नंतर या. मागच्या खेपेला म्हणाला, "मॅडम, एवढ्या लांबून तुम्ही स्वतः कशाला हेलपाटे घालताय? बाहेर माणसं असतात की." मी वळून बघितलं. झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत खुर्ची टाकून एक जण बसला होता. उतारवयाचा, पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. क्षणभर तुम्हीच वाटलात. त्याच्याकडं जायचं नाही हे ठरलेलंच होतं, पण तिथून पाय निघेना.

काकू म्हणते, देऊन मोकळी हो. गेलेल्या माणसाच्या कागदापायी कसला हट्ट धरतेस. ती चिडून म्हणत नाही, दमून म्हणते. मीही दमलेय. कागदावर आमच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक मात्र तलाठीच म्हणतात. एरवी मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसते. हल्ली सुट्टी टाकून दुसऱ्याच्या टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभी राहते. बसलेल्याला काही घाई नसते आणि उभा राहिलेला दमतो, एवढं मला या वयात नीट कळलं. तुम्हाला ते फार आधी कळलं होतं.

तालुक्याच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं टेबल होतं. सुरुवातीला तुम्ही नुसते अर्ज लिहायचात. अर्ज आत जायचा आणि तिथंच पडून राहायचा. मग तीच माणसं परत तुमच्याकडं यायची, आप्पा, तेवढं आत बोला की. तुम्ही आत बोलायला लागलात. पुढं आत काय लागतं ते बाहेर येऊन सांगायला लागलात. हे नेमकं कधी झालं ते तुम्हालाही सांगता आलं नसतं. दलाल म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. "मी मधला माणूस," असं म्हणायचात. त्यातही तुमचे नियम होते. आत जे द्यायचं ते सगळं आत द्यायचं, स्वतःची फक्त लिहिणावळ ठेवायची, आणि काम झालं नाही तर आतून पैसे परत आणून माणसाच्या हातात द्यायचे. हे बाकीचे करत नसत. तुम्हाला त्याचा अभिमान होता.

आम्हाला तुम्ही काय होता ते वेगळंच. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होते. आई मला घेऊन तुमच्या घरी आली ती कायमचीच. मी पुतणी आहे असं त्या घरात मला कधी कुणी जाणवू दिलं नाही. धाराशिवला कॉलेजला होते तेव्हा काकूनं केलेला डबा तुम्ही पहाटेच्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचात आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायची. डब्यावर दोरी बांधलेली असायची, आणि गाठ अशी की सोडवताना नख तुटावं. त्याच काळात मी पहिल्यांदा तुम्हाला बोलले. वर्गात कुणीतरी भ्रष्टाचारावर भाषण केलं होतं आणि माझ्या कानात ते घुमत होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी म्हणाले, आप्पा, तुमचं इमान म्हणजे बेइमानीच्या धंद्यातलं इमान. तुम्ही ताटावरून उठला नाहीत. पण पुढचा घास घेतला नाहीत. आईनं मला आत नेऊन दंडाला धरून गदागदा हलवलं होतं.

तलाठ्याची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही सगळ्यांना घेऊन तुळजापूरला गेलात. देवीसमोर तुम्ही इतका वेळ डोळे मिटून उभे होता की मागच्या माणसांनी पुढं ढकललं. परत आल्यावर पेढ्यांचे पुडे घेऊन कचेरीत गेलात, टेबलाटेबलावर पेढे ठेवलेत. मी तुमच्यासोबत होते. एक कारकून पेढा तोंडात टाकत म्हणाला, "चला आप्पा, आता घरचंच टेबल झालं." सगळे हसले. तुम्हीही हसलात, मनापासून. मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याच्या बोलण्यात काही वावगं आहे असं तुम्हाला खरंच वाटलं नव्हतं.

नेमणूक आपल्याच तालुक्यात मिळाली. बसनं जाऊन येऊन करता येईल अशी गावं. लोक तुमच्या शेडमध्ये येऊन सांगायचे, आमचं काम तुमच्या पुतणीकडं आहे. तुम्ही बराच काळ टाळलंत. मग एक दिवस सोजरबाईला घेऊन आलात.

सोजरबाई अजून डोळ्यासमोर आहे. नवरा जाऊन वर्ष झालेलं, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. वारस म्हणून तिचं आणि पोरींचं नाव लागायचं होतं आणि दीर काही ना काही खोडा घालत होता. कागद सगळे पुरे होते, तुम्हीच लावलेले, एकाखाली एक. मी वाचत होते तेवढ्यात तुम्ही त्या कागदांखाली घडी केलेल्या नोटा सरकवल्यात. इतक्या सवयीनं, जसा स्वतःच्या घरात पाण्याचा तांब्या पुढं करावा. मी घडी उचलून सोजरबाईच्या हातात दिली. म्हणाले, बाई, याची गरज नाही, तुमचे कागद पूर्ण आहेत, नोंद घेते.

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिचा चेहरा पांढरा पडला. ती तुमच्याकडं बघायला लागली, मग माझ्याकडं, आणि एकदम टेबलाला हात टेकून रडायला लागली. "कमी हायत का ओ मॅडम? अजून आनते. शेळी इकलीय, दुसरी बी इकते. पर न्हाय म्हनू नका." मी तिला समजावत होते, ती ऐकत नव्हती. शेवटी तुम्ही तिला बाहेर नेलंत. खिडकीतून मला दिसत होतं, कितीतरी वेळ तुम्ही तिच्याशी बोलत होता आणि ती मान हलवत होती, होकाराची नाही, नकाराची.

त्या संध्याकाळी आपण भांडलो. आई होती तेव्हा, तिनं मध्ये पडायचा प्रयत्न केला. मी म्हणाले, तुम्ही मला माझ्याच टेबलावर लाच देता? तुम्ही आवाज चढवला नाहीत, तो तुमचा स्वभावच नव्हता.

"जया, तू पैशे घेतले असतीस तर ती बाई आज निवांत झोपली असती. आता ती रातभर तळमळनार."

मी म्हणाले, मग तिला निवांत झोप लागावी म्हणून मी खायला सुरुवात करू? तर म्हणालात, "तुझ्या आईच्या नावावर जमीन कशी लागली वाटतंय तुला? हवेनं?" आई भिंतीकडं बघत होती. तिला ठाऊक होतं. मला नव्हतं. त्या जमिनीच्या उत्पन्नावर माझी फी भरली होती, माझ्या अंगावर तेव्हा जे होतं ते आलं होतं. आज एवढंच वाटतं, की आईला ते द्यावं लागलं हे जितकं खरं, तितकंच सोजरबाईला द्यावं लागू नये हेही खरं. हे मी त्या दिवशी म्हणू शकले नाही, आणि नंतर आपण तो विषयच टाळला.

पुढं जे झालं त्यात मी हरले, आप्पा. मी नोंद धरली, नोटीस काढली, आणि दिरानं हरकत घेतली. हरकत आली की ते प्रकरण माझ्या हातात राहत नाही, तारखा पडतात, वरच्या साहेबांसमोर सुनावणी होते. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. पण सोजरबाईनं त्याचा सरळ अर्थ लावला. मॅडमनी पैसे परत केले म्हणजे मॅडम दिराला मिळाल्या. ती तुमच्याकडं परत आलीच नाही. तुमच्या शेडच्या पलीकडं भारत नावाच्या माणसानं लॅपटॉप घेऊन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं होतं, त्याच्याकडं गेली. त्यानं माझ्या नावानं पैसे घेतले. सुनावणीत निकाल तिच्या बाजूनं लागला, तो तसाही लागणारच होता. नाव लागलं. भारतनं सांगितलं, बघ, मॅडमला पोचवले तेव्हा झालं. आणि माझ्या गावांमध्ये पसरलं की तलाठीण बाई घेते, फक्त चुलत्याकडून घेत नाही, भारतकडून घेते.

हे मला उशिरा कळलं. तुम्हाला आधी कळलं होतं. तुम्ही काय केलंत ते तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. माझ्या गावांच्या सज्यावरच्या कोतवालानं सांगितलं, तो तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. तुम्ही भर बाजाराच्या दिवशी भारतच्या दुकानात गेलात. दुकान माणसांनी भरलेलं. तुम्ही म्हणालात, "माझी पुतनी घेत न्हाय. घेत असती तर माझ्या हातनं घेतली असती." भारत म्हणाला, आप्पा, धंदा बसला म्हणून असं बोलू नका. लोक हसले. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. मग शेजारच्या दुकानात जाऊन तेच, मग कचेरीच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला. कोतवाल म्हणाला, ताई, मला बघवंना, म्हातारं माणूस कुणाच्या बी दंडाला धरून सांगत होतं.

त्याचं मोल तुम्हाला द्यावं लागलं. आतल्या टेबलांना ते बोलणं झोंबलं. तुमची पुतणी साध्वी, मग आम्ही कोण, असं एकानं तोंडावर विचारलं म्हणे. तुमचे अर्ज आत गेले की गठ्ठ्याच्या तळाला जायला लागले. आतून काम होत नाही म्हटल्यावर बाहेरची माणसंही येईनाशी झाली. मधला माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो, तोवरच तो मधला. तुम्ही बाजू घेतलीत. काही महिने रिकाम्या टेबलामागं बसून काढलेत, मग शेड सोडून दिली. घरी सांगितलंत, आता डोळ्याला दिसत नाही. काकूनं विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखं केलं. मला खरं माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. एका घरात राहून आपण दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या मनात रोज यायचं, आप्पा, माझ्यासाठी तुम्ही हे केलंत. पण म्हटलं असतं तर तुमचा धंदा बुडाला याचं मला वाईट वाटतंय असा अर्थ झाला असता. आणि तो बुडाला याचं मला वाईट वाटत नव्हतं. तुमचं वाईट वाटत होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगण्याएवढे शब्द माझ्याकडं नव्हते.

उन्हाळ्यात तुमचे पाय सुजायला लागले. तुम्ही चपला बदलून बघितल्या. दम लागायला लागला तेव्हा कुठं डॉक्टरकडं आलात. इथल्या डॉक्टरांनी हात झटकले, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या म्हणाले, म्हणून परजिल्ह्यात नेलं. तिथं तपासणीसाठी दुसऱ्या इमारतीत न्यायचं होतं. स्ट्रेचर होतं, ते ढकलणारा माणूसही होता, पण तो हलत नव्हता. भिंतीला टेकून मोबाईल बघत होता. मी विनंती केली. तो म्हणाला, नंबर लागेल. नंबर कुणाचाच लागत नव्हता, ज्यांनी हात खिशात घातला तेच पुढं जात होते. तुम्ही कण्हत होता. मी पर्स उघडली.

तुम्ही माझं मनगट धरलंत. हाताला जोर नव्हता, नुसती बोटं ठेवल्यासारखी. "ऱ्हाऊ दे जया. थांबू की."

जन्मभर लोकांना, द्या आणि मोकळे व्हा, असं सांगणारा माणूस मला म्हणत होता, थांबू. मी थांबले नाही. तुमची बोटं सोडवली आणि त्या माणसाच्या हातात नोटा कोंबल्या. तो लगेच हलला. लिफ्टमध्ये तुम्ही तोंड फिरवलं होतं. आणि मला सोजरबाई समजली. पुस्तकातून समजते तशी नाही. समोर आपलं माणूस कण्हत असलं की हात पर्समध्ये आपोआप जातो, आणि पैसे घेणाऱ्यानं ते घेतले की पहिल्यांदा बरं वाटतं. राग नंतर येतो. तो माझा अजून गेलेला नाही, त्या माणसावरचा. त्याच्या घरीही कुणी आजारी असेल वगैरे विचार करायचा मी प्रयत्न केला. जमला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला जरा हुशारी आली. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही एकदम विचारलंत, "काल त्यानं किती घेतलं?"

मी आकडा सांगितला.

तुम्ही थोडा वेळ छताकडं बघितलंत. "लई घेतलं," म्हणालात. "मी असतो तर निम्म्यात केलं असतं."

मला हसू आलं. तुम्हालाही आलं, आणि हसता हसता खोकला आला, आणि नर्स येऊन ओरडली तरी आपलं हसू थांबेना. कित्येक वर्षांत आपण असे एकत्र हसलो नव्हतो. मग तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "त्या बाईचे पैशे तू परत दिलेस ते बरं केलंस का वाईट, मला अजून ठरवता येईना बघ." मी म्हणाले, बरं वाटल्यावर ठरवा, आपण भांडू. तुम्ही मान हलवलीत. दोन फोडी खाल्ल्यात. पहाटे तुम्ही गेलात तेव्हा मी बाहेर बाकावर होते, काकू आत होती. ती म्हणते, त्रास झाला नाही. मी ते मानून घेतलं आहे.

घरी खूप माणसं आली. तुम्ही ज्यांची कामं करून दिली होती ती. प्रत्येकानं सांगितलं, आप्पांमुळं माझं काम झालं. मी हात जोडून ऐकत होते. काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांना कामासाठी पैसे द्यावे लागले याचा राग त्यांच्यापैकी कुणाच्याही बोलण्यात नव्हता, आणि मला तो यायला हवा होता की नाही हेही मला कळेनासं झालं होतं.

तेरावा झाल्यावर घर रिकामं झालं. परवा दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलं. आधी ओळखलं नाही. डोईवरचा पदर सारखा केला तेव्हा कळलं, सोजरबाई. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. दुखवट्याच्या घरी जाताना आणतात तशा. म्हणाली, आम्हाला उशिरा कळलं. काकूनं बसायला सतरंजी टाकली. ती बसली. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"आप्पा आलते आमच्या घरला. ह्या उनाळ्यात. पाय ही एवढे सुजलेले, उंबऱ्यावरच बसले, पानी मागितलं. म्हनले, सोजर, तुझे पैशे माझ्या पुतनीनं घेतले न्हाईत, भारतनं खाल्ले. एवढं सांगाया आलो."

काकू माझ्याकडं बघायला लागली. आम्हा दोघींनाही हे ठाऊक नव्हतं. तुमचे पाय त्या वेळी चपलेत मावत नव्हते. एसटी स्टँडपासून तिचं घर लांब आहे, वाट चढाची आहे.

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"त्या वक्ताला मला खरं वाटलं न्हाय," ती म्हणाली. "म्हनलं, चुलता हाय, पोरीची बाजू घेनारच. आता वाटतंय. मरायला टेकलेलं मानूस एवढ्या उनाचं लबाड बोलाया कशाला येईल?"

तिनं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. माझ्यापुढं सरकवलं, मग हात मागं घेतला. माझ्या गावांतल्या कुणाच्या घरी मी चहासुद्धा घेत नाही हे आता तिच्याही कानावर गेलं असणार. ती म्हणाली, "तुमचं काय काम न्हाय माझ्याकडं, मॅडम. माझं बी न्हाय. नाव लागलंय माझं. आप्पांसाठी आनल्यात."

एका बाईला पटलं, आप्पा. मी उठून हात धुतले, तिच्यासमोर बसले, भाकरी मोडली आणि खाल्ली.